पातेलं एक, झाकणासह

लग्नाला तेवीस वर्षं झालेल्या माणसाने मातृदिनाला बायकोला काय भेट द्यावी, याबद्दल आमच्या स्पॅनिश बोलणाऱ्या बेटावर, निदान मोका गावात, दुमत नाही. स्वयंपाकघरात चालेल अशी कुठलीही वस्तू द्यावी. मे महिना लागला की दुकानदार शेगड्या, मिक्सर आणि कुकर यांना लाल फिती बांधून फुटपाथवर मांडतात, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी गावातला प्रत्येक कर्तव्यदक्ष नवरा त्यातलं एक खोकं खांद्यावर घेऊन अभिमानाने घरी जातो. मीही जात आलो. गेल्या वर्षी तर मी चार बर्नरची गॅसची शेगडीच नेली. दिल्सियाने तिच्याभोवती एक फेरी मारली, चारही बटणं फिरवून पाहिली आणि म्हणाली, "छान आहे रे, एलिहियो. आता तुला चार पदार्थ एकदम गरम मिळतील."

ती रागावली नव्हती, हे विशेष. मी नागरी नोंदणी कचेरीत दुय्यम निबंधक आहे. सव्वीस वर्षं लोकांचे जन्म, लग्नं आणि मृत्यू वहीत उतरवतो आहे. कुठल्या वाक्याला किती वजन असतं ते मला कळतं. फक्त जरा उशिरा कळतं. हे वाक्य मला मार्चमध्ये कळलं. दिल्सिया ओट्याशी उभी राहून राजम्यातले खडे निवडत होती. मी विचारलं, "यंदा तुला काय हवं?" तिने मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, "तीन दिवस. चुलीचं तोंड न बघता तीन दिवस."

एवढंच बोलली आणि पुढचा खडा काढला. मला एकदम फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, हा माझा जुना दोष आहे. तिथे बदामाच्या झाडाखाली डॉमिनोचा डाव रंगला होता. मी टेबलावर थाप मारून जाहीर केलं, "यंदा मातृदिनाला दिल्सियाला समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये नेतोय! खाणं, पिणं, राहणं सगळं त्यातच आलं! तीन दिवस ती पळीला हात लावणार नाही. माझा शब्द आहे!"

थापेने डाव विस्कटला, त्यामुळे माझा शब्द सगळ्यांच्या चांगला लक्षात राहिला.

आमच्या गल्लीत रिसॉर्टचे तज्ज्ञ म्हणजे पेर्सियोभाऊ. निवृत्त बसड्रायव्हर. ते रिसॉर्टला तीनदा जाऊन आलेत. एकदा आत, आणि दोनदा प्रवासी सोडून फाटकाबाहेर. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, भात आणि पाव यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही. ते पोट भरायचा डाव असतो. थेट कोळंबीवर जायचं. दुसरं, सकाळी सहाला उठून खुर्चीवर टॉवेल टाकायचा. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, काउंटरवर सांगायचं की हनिमूनला आलोय. फळांची टोपली फुकट मिळते."

"तेवीस वर्षांनी?"

"वर्षं कोण विचारतंय तुला?"

आता मातृदिन म्हटल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. दिल्सियाची आई, म्हणजे आमच्या सासूबाई दोन्या एर्सिलिया (दोन्या म्हणजे मानाने 'बाई'), याही आईच आहेत. त्यांनी हे मला स्वतः येऊन सांगितलं. "जावईबापू, मी काही म्हणत नाही. तुम्ही दोघं जा. मी आपली मातृदिनाला घरी एकटी बसेन, रेडिओ लावेन." त्यांच्या घरी रेडिओ नाही. मी आरक्षणात तिसरं नाव लिहून टाकलं.

शुक्रवारी सकाळी बसमध्ये बसलो तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. आत काय आहे, हे विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे माणूस समुद्रावर जातो तो स्पॅगेटी घेऊन. टोमॅटोची लालभडक, सलामी सॉसेजचे तुकडे घातलेली, पातेलंभर स्पॅगेटी, आणि वेगळ्या पिशवीत पाव. पोहायचे कपडे विसरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. स्पॅगेटी विसरलेलं एकही नाही. पण निघालो होतो रिसॉर्टला!

"आई, तिथे सगळं मिळतं," मी म्हटलं.

"मिळत असेल. पण ज्या स्वयंपाकघराला जेवणाऱ्यांची नावं ठाऊक नाहीत, तिथलं मी खात नाही."

दिल्सिया खिडकीतून बाहेर बघत होती. तिचे डोळे जरा तांबारलेले दिसले. आनंदाने झोप लागली नसेल, असं मी मनाशी धरलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

फाटकावर वास्कर नावाचा पहारेकरी होता. पन्नाशीचा, दाराएवढा माणूस. त्याने टॉवेल उचलला, झाकण उचललं, डोळे मिटून एक श्वास घेतला आणि दुःखी आवाजात म्हणाला, "बाहेरचं अन्न आत नेता येत नाही, दोन्या. नियम आहे. इथे जमा करा, जाताना परत मिळेल."

सासूबाई म्हणाल्या, "पावती द्या."

पावती म्हटल्यावर माझ्यातला निबंधक जागा झाला. मी तिन्ही प्रती स्वतः तपासल्या. 'वस्तू' या रकान्यात त्याने लिहिलं, पातेलं एक, झाकणासह. मी म्हटलं, "आतल्या मालाचं काय?" त्याने लिहिलं, स्पॅगेटी. सासूबाई म्हणाल्या, "काठोकाठ लिहा." त्याने लिहिलं, काठोकाठ. पुढे रकाना होता, नाशवंत की टिकाऊ. "माझ्या घरात तर कधी टिकली नाही," सासूबाई म्हणाल्या, तेव्हा नाशवंत ठरलं. मी शिक्का मागितला. शिक्का नव्हता. शिक्क्याशिवाय पावती म्हणजे नुसता कागद, हे मी त्याला समजावून सांगितलं, तेव्हा बिचाऱ्याने टॉवेलखात्यातून एक शिक्का पैदा केला. आमच्या पावतीवर 'धुऊन वाळवले' असा शिक्का आहे.

काउंटरवर युदेल्का नावाची मुलगी होती. ती प्रत्येकालाच 'राजा' म्हणत होती. मला कचेरीत सगळे 'लिसेन्सियादो', म्हणजे पदवीधर साहेब, म्हणतात, पण ते असो. मी तिघांची ओळखपत्रं तिच्यासमोर ठेवली आणि पेर्सियोभाऊंचा सल्ला आठवून आवाज खाली आणून म्हणालो, "हनिमून आहे."

"अय्या, राजा!" तिने भराभरा बटणं दाबली. मग उठून काउंटरबाहेर आली आणि सासूबाईंना मिठी मारली. "अभिनंदन, दोन्या! प्रेमाला वय नसतं!"

ओळखपत्रांच्या चळतीत सर्वांत वर सासूबाईंचं होतं.

मी दोन हजारांवर लग्नं नोंदवली आहेत. एकाही नवरदेवाला चुकीची बायको दिलेली नाही. आणि आज मी स्वतः चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूचा नवरा म्हणून संगणकात नोंदला गेलो होतो. मी दुरुस्ती मागितली. युदेल्का म्हणाली, "दुरुस्ती मॅनेजर करतात, राजा. मॅनेजर सोमवारी येतात." हे वाक्य मी स्वतः आयुष्यात किती जणांना ऐकवलंय, याची आठवण झाल्यामुळे मी ओळखपत्रं गोळा करू लागलो.

मग तिने आमच्या मनगटांवर प्लास्टिकचे निळे पट्टे बांधले. "हा काढायचा नाही. भिजला तरी काही होत नाही. काही हवं असलं की हात वर करून नुसता दाखवायचा. कोणी काही विचारणार नाही."

"नुसता दाखवायचा?" दिल्सियाने विचारलं.

"नुसता दाखवायचा."

"प्रसूतिगृहात बाळाला बांधतात तसला आहे," सासूबाई म्हणाल्या. पण दिल्सिया कितीतरी वेळ हात उलटासुलटा करून तो पट्टा बघत होती.

खोलीत एकच प्रचंड पलंग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलांचे दोन हंस. "टॉवेल असे पिरगाळून कोण ठेवतं?" म्हणून सासूबाईंनी हंस सोडवले आणि घड्या घातल्या. पाकळ्या झाडून काढल्या. पलंगावर त्या दोघी मायलेकी निजल्या. मी तिन्ही रात्री गच्चीतल्या प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर काढल्या. हनिमूनच्या खोलीत जादा खाट देता येत नाही. संगणक घेत नाही म्हणे. फळांची टोपली मात्र आली. तीत एक अननस होता आणि 'एलिहियो व एर्सिलिया' अशी चिठ्ठी.

शनिवारी सकाळी सहाला मी टॉवेल घेऊन धावलो. सगळ्या खुर्च्यांवर आधीच टॉवेल होते. कॅनडाचे लोक बहुधा आदल्या वर्षीच टाकून जातात. शेवटी नारळाच्या झाडाखाली एक खुर्ची मिळाली, दिल्सियाला तीत बसवलं आणि मी शेजारी वाळूत पहारा देत बसलो. कारण आता माझा खरा शत्रू माझ्या लक्षात आला होता. तो म्हणजे दिल्सियाचे हात.

ती बसूच शकत नव्हती. न्याहारीला तिने आमच्या ताटल्या खरवडून एकावर एक रचल्या. मग शेजारच्या टेबलावरच्याही रचल्या. नॅपकिनने टेबल पुसलं. एका गोऱ्या बाईंनी तिला खुणेने काटा मागितला आणि हिने उठून आणून दिला!

"दिल्सिया! तू पाहुणी आहेस इथे!"

"मग काय झालं? काटे कुठे ठेवलेत ते मला दिसत होतं."

"बस. आराम कर."

"करतेय ना. तू असा डोळे वटारून बघत राहिलास तर कसा करू?"

सासूबाई तिकडे भातापाशी उभ्या राहून आचाऱ्याची उलटतपासणी घेत होत्या. भाताच्या बुडाला लागलेली कुरकुरीत खरपुडी, आम्ही तिला कोंकोन म्हणतो, ती कुठे आहे? आचारी म्हणाला, मोठ्या यंत्रात भात लागतच नाही. "म्हणजे कोणी लक्षच देत नाही," असा निकाल देऊन त्या रिकामी ताटली घेऊन परत आल्या.

संध्याकाळी पोहण्याच्या तलावाकाठी कार्यक्रम होता. लाउडस्पीकरवाला ओरडला, "आणि आता आपलं हनिमूनचं जोडपं! एलिहियो आणि एर्सिलिया!" मी खुर्चीखाली काही शोधल्यासारखं केलं. पण सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "चार लोकांत बोलावलं की जायचं असतं," त्या म्हणाल्या आणि माझा हात धरून त्यांनी मला ओढत नेलं. आम्ही मेरेंगे नाचलो. म्हणजे त्या नाचल्या, मी सोबत होतो. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि एक लालबुंद कॅनडावाला मला अंगठा दाखवून धीर देत होता. माझी अब्रू तलावाच्या पाण्यात बुडताना मला स्पष्ट दिसली. पण दिल्सिया इतकी हसली, इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. असं हसताना मी तिला फार वर्षांत बघितलं नव्हतं. मी आणखी एक गाणं नाचलो.

रविवार उजाडला. मातृदिन. न्याहारीला पाव, गार हॅम आणि अननस. दुपारी जेवायला गेलो तर पाव, गार हॅम आणि अननस. गॅसचा टँकर डोंगरातल्या रस्त्यावर बिघडून आडवा उभा होता. मुख्य आचारी मोटरसायकलवर त्याला शोधायला गेला होता, आणि उरलेले दोघे तीनशे माणसांसाठी अननस कापत होते. लोक हात वर करून करून पट्टे दाखवत होते. काहीही येत नव्हतं.

सासूबाईंनी शांतपणे पर्स उघडली आणि पावती काढली.

आम्ही तिघं पहारेकऱ्यांच्या खोलीवर गेलो. पातेलं टेबलावर होतं, झाकणासह. घासून लखलखीत केलेलं. आत काही नव्हतं.

वास्कर दाराएवढा होता तो खिडकीएवढा झाला. "दोन्या, शुक्रवारी मी नुसती चव बघितली. मग दुसऱ्या पाळीच्या लोकांनीही नुसती चव बघितली. मारा हवं तर. पण ज्या हातांनी केली त्या हातांचं देव भलं करो. मातृदिनाला सुट्टी नाही मिळाली मला. माझी आई अशीच करायची."

मला वाटलं, आता सासूबाई त्याला पातेल्यानेच हाणणार. पण त्यांचा चेहरा मऊ झाला. "माझे हात कुठले, बाबा? मला पातेलं ढवळवत तरी का? हिचे हात." आणि त्यांनी दिल्सियाकडे बोट केलं. "साडेतीनला उठून केली पोरीने."

मी दिल्सियाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"तू केलीस? निघायच्या दिवशी?"

"आईचं मनगट दुखतं. आणि समुद्रावर स्पॅगेटीशिवाय कसं जायचं?" मग हळूच म्हणाली, "तुला सांगू नको म्हटलं मी तिला. तू इतका खुशीत होतास."

बसमधले ते तांबारलेले डोळे! मी स्वतःचं कौतुक करत बसलो होतो आणि माझा शब्द घराचं दार ओलांडायच्या आधीच मोडला होता. मला लाज वाटली. साधी, सरळ लाज. तिच्यावर शिक्का मारायची गरज नव्हती.

तेवढ्यात वास्करला कल्पना सुचली. किनाऱ्यावर कोळशाची मोठी शेगडी होती. कोठारात स्पॅगेटी होती, टोमॅटो होता, सलामी होती. पातेलं तर होतंच. "फक्त करणारं कोणी हवं," तो म्हणाला आणि दिल्सियाकडे बघू लागला. बाहेर लोक जमले होते. तेही बघू लागले.

"चल गं पोरी, ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "असा कितीसा वेळ लागतोय तुला?"

आणि दिल्सिया केस बांधू लागली. तिने विचारसुद्धा केला नाही. दोन्ही हात मागे नेले, दातांत रबर धरलं, आणि तो निळा पट्टा घसरून कोपराकडे गेला.

"नाही," मी म्हणालो.

सासूबाईंना मी तेवीस वर्षांत हा शब्द ऐकवला नव्हता. त्या इकडेतिकडे बघू लागल्या, कोण बोललं म्हणून.

"तिच्या हाताला पट्टा आहे. ती करणार नाही. मी करतो."

आधी दिल्सिया हसली. मग सासूबाई. मग वास्कर, मग ज्यांना आमची भाषा कळत नव्हती तेही. पण मी बाह्या सरसावल्या होत्या, आणि माणसाने एकदा चारचौघांत बाह्या सरसावल्या की त्या खाली करायला फार धैर्य लागतं. ते माझ्यात नव्हतं.

दुय्यम निबंधक एलिहियो पोलांको, वय बावन्न, यांनी त्या दिवशी पहिला लसूण सोलला. त्याचं साल निघतं कुठून, हे समजायला दहा मिनिटं गेली. कोळसा पेटवताना माझ्या मिशीचा उजवा कोपरा गेला. पाणी उकळलं की नाही हे कसं ओळखायचं ते कळेना, म्हणून बोट घालून बघितलं; उकळलं होतं. मीठ घातलं. घातलं का, याची खात्री नव्हती म्हणून पुन्हा घातलं. स्पॅगेटी पातेल्यात मावेना, तेव्हा ती मोडली, आणि माझ्यामागे सासूबाईंनी घरातलं कोणी गेल्यासारखा सुस्कारा टाकला.

"दिल्सिया!" मी किनाऱ्यावरून ओरडलो. "टोमॅटो आधी की सलामी आधी?"

ती नारळाखाली आरामखुर्चीत बसली होती, पाय लांब करून. तिने नुसता हात वर केला आणि पट्टा दाखवला.

उत्तर अख्ख्या किनाऱ्याने दिलं. अर्धे म्हणाले टोमॅटो, अर्धे म्हणाले सलामी, आणि कॅनडावाले म्हणाले चीज. मी सगळं एकदम घातलं. मग ढवळायचं राहिलं, कारण मी दिल्सियाकडे बघत होतो. तिचे हात मांडीवर पडले होते. नुसते पडले होते. काही रचत नव्हते, पुसत नव्हते.

जळका वास आला तेव्हा मला जाग आली.

पहिली ताटली मी तिला नेऊन दिली, पावासकट. तिने एक घास खाल्ला. "खारट आहे," ती म्हणाली. दुसरा घास खाल्ला. "आणि धुरकट." मग सगळी ताटली संपवली आणि डोळे पुसले. म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. शेगडी बरीच लांब होती, पण मी हरकत घेतली नाही.

चाळीसेक माणसं जेवली. वास्करने दोनदा घेतली, आणि या वेळी चव बघतो असं म्हणाला नाही. शेवटी सासूबाई पातेल्यापाशी आल्या. पळीने बुड खरवडलं, काळीकुट्ट खरपुडी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिल्या. चाळीस माणसं निकालाची वाट बघत उभी होती.

"या हॉटेलात कोणाच्या तरी हातून कोंकोन झाली," त्या म्हणाल्या. पातेलं त्यांनी मांडीवर घेतलं आणि बाकीची एकट्याने संपवली.

सोमवारी सकाळी मॅनेजर आले आणि त्यांनी माझा घटस्फोट करून मला योग्य बायको दिली. युदेल्काने कात्री काढून माझा पट्टा कापला, सासूबाईंचा कापला. दिल्सियाने हात मागे घेतला.

"कापावा लागतो, दोन्या. नियम आहे."

"बसमध्ये कापते," दिल्सिया म्हणाली.

बसमध्ये कापला नाही. मंगळवारी सकाळी मी उठून स्वयंपाकघरात आलो, तर ती टेबलाशी बसलेली. शेगडी बंद. मी उभा राहिलो. तिने नुसता हात वर केला.

मी कॉफीचं भांडं शोधलं. ते कुठे असतं, हे तेवीस वर्षांनी मला त्या दिवशी कळलं.

आता ऑक्टोबर आला. आज लसूण आणायला कोपऱ्यावर गेलो तेव्हा डॉमिनोचा डाव थांबला आणि पेर्सियोभाऊंनी विचारलं, "काय रे, आहे का अजून तो पट्टा?"

"आहे. रंग जरा विटलाय."

"तुटेल एक दिवस."

मी म्हटलं, मलाही तसं वाटलं होतं. म्हणून परवा तिला नवा आणून देऊ का विचारलं, तर म्हणाली, गरज नाही, प्लास्टिक चारशे वर्षं टिकतं. मग मी लसूण घेतला, चांगला मोठ्या पाकळ्यांचा बघून, आणि घरी आलो. आज राजमा होता; खडे निवडायचे होते.